सुमारे ३०० दिवस निजलेले इंजिन

१९५० च्या दशकात न्यूझीलंडमधील बिल हॅमिल्टन यांनी उथळ, खडकाळ नद्यांसाठी जेट बोट विकसित केली. तिला पाण्यात उघडा फिरणारा पंखा नसतो. इंजिन एक पंप फिरवते, पंप तळातून पाणी ओढून मागे वेगाने फेकतो आणि त्या प्रतिक्रियेने बोट पुढे जाते. १९७७ मध्ये एडमंड हिलरी अशाच बोटी घेऊन गंगासागरहून गंगेच्या प्रवाहाविरुद्ध निघाले आणि नंदप्रयागपर्यंत पोहोचले.

अशी बोट वर्षभर पडून राहिली की तिचे इंजिन सहसा पहिल्या प्रयत्नात सुरू होत नाही. पेट्रोलचा हलका अंश उडून गेलेला असतो आणि उरलेल्या भागाचा चिकट थर बारीक छिद्रांत बसलेला असतो. टाकीच्या तळाशी पाणी साचते, रबरी सील कडक होतात, झडपा अडकतात. जाणता कारागीर म्हणूनच थेट नदीत उतरत नाही. तो जुने इंधन काढतो, गाळणी पाहतो, इंजिन हाताने फिरवून बघतो आणि काठावरच क्षणभर सुरू करून कान देतो. इंजिन नीट चालले तरच बोट प्रवाहात जाते.

सप्टेंबर २०१४ मध्ये भारतीय अंतराळ संशोधन संस्थेपुढे नेमका हाच प्रश्न उभा होता. फरक एवढाच की बंद पडून असलेले इंजिन पृथ्वीपासून सुमारे २२ कोटी किलोमीटर दूर होते आणि तिथे हात लावायला कोणी नव्हते.

मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोटाहून पीएसएलव्ही-सी२५ या प्रक्षेपकाने निघाले. त्याचे मुख्य इंजिन ४४० न्यूटन रेट्याचे होते. त्यातील इंधन आणि ऑक्सिडीकारक एकमेकांना भेटताच पेट घेतात, त्यामुळे ठिणगीची गरज नसते. पण याच गुणामुळे त्यांना वेगळे ठेवणाऱ्या झडपांवर सारा भरवसा ठेवावा लागतो. हे दोन्ही पदार्थ अत्यंत दाहक असतात आणि महिनोन्‌महिने झडपा-सीलांच्या सान्निध्यात राहतात.

बिघाडाची पहिली चुणूक पृथ्वीजवळच दिसली. ११ नोव्हेंबरला कक्षा उंचावण्याच्या चौथ्या टप्प्यात यानाचा वेग सेकंदाला १३० मीटरने वाढायचा होता. तो जेमतेम ३५ मीटरने वाढला. प्रवाह नियंत्रित करणाऱ्या झडपेला दोन विद्युत वेटोळी होती, एक नेहमीचे आणि एक राखीव. दोन्ही स्वतंत्रपणे तपासून झाली होती. मात्र ती एकाच वेळी चालू करताच इंधनाचा प्रवाह थांबला. लहान थ्रस्टरांनी आपोआप काम हाती घेतल्याने यान सुरक्षित राहिले. दोष कळला, तसा नियमही ठरला: ही वेटोळी एकत्र वापरायची नाहीत. दुसऱ्याच दिवशी पूरक प्रज्वलन करून यानाची कक्षा १ लाख १८ हजार किलोमीटरहून अधिक उंचीवर नेण्यात आली. १ डिसेंबरला इंजिन सुमारे २२ मिनिटे चालले, यान मंगळाच्या वाटेला लागले आणि इंजिन बंद झाले.

त्यानंतरची दीर्घ निद्रा खरी धोक्याची होती, आणि याची साक्ष इतिहासात होती. अमेरिकेचे मार्स ऑब्झर्व्हर यान ११ महिन्यांचा प्रवास करून मंगळाजवळ पोहोचले. २१ ऑगस्ट १९९३ रोजी, मुख्य इंजिनासाठी टाक्यांवर दाब चढवण्याच्या वेळी, त्याचा संपर्क तुटला तो कायमचा. चौकशीत सर्वाधिक संभाव्य ठरलेले कारण असे होते: प्रवासात ऑक्सिडीकारकाची वाफ झडपांमधून हळूहळू झिरपून नळ्यांत साचली आणि दाब देताच तिचा इंधनाशी संयोग होऊन नळी फुटली. जपानच्या अकात्सुकी यानाचे इंजिन ७ डिसेंबर २०१० रोजी शुक्राजवळ अर्ध्यावरच थांबले. तिथे वाफांच्या संयोगातून तयार झालेल्या क्षाराने झडप चोंदली होती. दोन्ही ठिकाणी घात केला तो वाट पाहण्याच्या काळाने.

भारतीय अभियंत्यांनी उपाय आरंभीच योजून ठेवला होता. इंधनाच्या नळ्यांचा समांतर मार्ग यानात बसवलेला होता, जेणेकरून पृथ्वीजवळ वापरलेल्या झडपांवर मंगळाजवळ विसंबून राहावे लागू नये. तरीही इंजिन चालले नाही तर २२ न्यूटनचे आठ लहान थ्रस्टर अधिक वेळ पेटवून निदान एखादी कक्षा गाठायची, अशी पर्यायी योजना तयार होती.

मग कारागिराची ती जुनी रीत आली. २२ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी इंजिन अवघे ३.९६८ सेकंद चालवण्यात आले. सुमारे ३०० दिवसांनी झडपा उघडल्या, इंधन पेटले आणि वेगात अपेक्षित तेवढाच, सेकंदाला सुमारे २ मीटरचा, फरक पडला. या छोट्या चाचणीतच यानाच्या मार्गाची दुरुस्तीही उरकली.

२४ सप्टेंबरला सकाळी ७ वाजून १७ मिनिटांनी इंजिन पुन्हा पेटले. आज्ञा यानाच्या स्मृतीत आधीच भरलेल्या होत्या, कारण संदेशाला एका बाजूने १२ मिनिटांहून अधिक वेळ लागत होता. चूक झाली असती तर ती कळण्यापूर्वीच सुधारण्याची संधी निघून गेली असती. पुढे यान मंगळाआड गेले आणि संपर्क तुटला. एकूण २३ मिनिटे चाललेल्या ज्वलनाने यानाचा वेग सेकंदाला १,०९९ मीटरने घटला. यान मंगळाआडून बाहेर आले तेव्हा ते मंगळाच्या कक्षेत होते. पहिल्याच प्रयत्नात मंगळाची कक्षा गाठणारा भारत पहिला देश ठरला.

पुढच्याच वर्षी, ७ डिसेंबर २०१५ रोजी, जपानने अकात्सुकीला लहान थ्रस्टरांच्या बळावर शुक्राच्या कक्षेत नेले. भारताने राखून ठेवलेली, पण कधी वापरावी न लागलेली वाट व्यवहार्य होती, याचाच तो पुरावा ठरला. सहा महिन्यांसाठी आखलेले मंगळयान सुमारे आठ वर्षे मंगळाभोवती फिरत राहिले. त्या साऱ्या आयुष्याची हमी दिली ती जेमतेम चार सेकंदांच्या चाचणीने.