नावातला बाप आणि निकालातला बाप

मराठी माणसाच्या नावात बाप मधोमध बसलेला असतो. स्वतःचे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव, हा क्रम शाळेच्या दाखल्यापासून सातबाऱ्यापर्यंत इतका अंगवळणी पडला आहे की, त्यामागे एक विधान दडलेले आहे याचे भानही आपल्याला राहत नाही. १ मे २०२४ पासून महाराष्ट्रातल्या शासकीय दस्तऐवजांत मुलाच्या नावानंतर आधी आईचे नाव लिहिणे बंधनकारक झाले. बापाचे नाव एक घर मागे सरकले, पण ते पुराव्यावाचून लिहिले जाते ही गोष्ट तशीच राहिली. आई कोण हे सुईणीला दिसते, शेजारणीला दिसते. बाप कोण हे मात्र सांगावे लागते आणि ऐकणाऱ्याने ते मानावे लागते. या मानण्याचा इतिहास हा आमच्या लेखाचा विषय आहे. त्याचा एक मोठा धागा वऱ्हाडातून जातो, म्हणून सुरुवातही तिथूनच करतो.

१८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध पुण्यात छापून निघाला. वऱ्हाड तेव्हा नावापुरता निजामाचा मुलूख होता. १८५३ पासून त्याचा कारभार इंग्रजांच्या हाती होता. ताराबाईंच्या संतापाला निमित्त झाले ते सुरतेकडच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेच्या खटल्याचे. नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल १८८१ साली तिला फाशीची शिक्षा झाली आणि पुढे अपिलात ती सौम्य करण्यात आली. ‘पुणेवैभव’ पत्राने या निमित्ताने समस्त स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले. ताराबाईंनी त्याला जे उत्तर दिले, ते आता मराठीच्या अभ्यासक्रमांतून शिकवले जाते. मात्र ते तिथवर पोहोचायला १९७५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी स. गं. मालशे यांनी विस्मृतीत गेलेले हे पुस्तक पुन्हा प्रकाशात आणले.

आम्हांला या खटल्यात आज जाणवते ती एक अनुपस्थिती. आरोपी होती, मृत बालक होते, न्यायाधीश होते, वृत्तपत्रे होती, नव्हता तो फक्त बाप. त्याला कोणी शोधले नाही, आणि शोधले असते तरी तो ‘मी नव्हेच’ म्हणून मोकळा झाला असता, कारण त्याला खोटे पाडण्याचे साधन जगात कुठेच नव्हते. १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ मध्ये हीच अनुपस्थिती आपण पुन्हा पाहतो. बेणारेबाईंवर खटला चालतो आणि प्रा. दामले रंगमंचावर एकदाही येत नाहीत. आई कठड्यात आणि बाप गैरहजर, ही मांडणी सुरतेच्या न्यायालयापासून मुंबईच्या रंगमंचापर्यंत बदललेली नव्हती. ताराबाईंची बाजू ‘सत्सार’मधून जाहीरपणे घेणाऱ्या जोतीराव फुल्यांना हे ठाऊक होते. १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढताना त्यांनी आणि सावित्रीबाईंनी बापाचे नाव विचारण्याच्या भानगडीत न पडता बाळंतपणाची सोय केली, आणि त्याच वाटेने आलेल्या एका विधवेच्या मुलाला, यशवंताला, स्वतःचे नाव दिले.

कायद्याने हा पेच वेगळ्या रीतीने सोडवला होता. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी तयार केलेला भारतीय पुरावा कायदा १८७२ साली झाला. (हे स्टीफन व्हर्जिनिया वुल्फचे सख्खे काका, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना सांगायला हरकत नाही.) त्याच्या कलम ११२ चा आशय असा : वैध विवाह चालू असताना, किंवा तो संपुष्टात आल्यापासून २८० दिवसांच्या आत, आईने पुनर्विवाह केलेला नसताना जे मूल जन्मेल, ते त्या नवऱ्याचेच, हा निर्णायक पुरावा मानावा. यातून सुटण्याची वाट एकच : गर्भधारणेच्या काळात पति-पत्नींचा संपर्क होण्याची शक्यताच नव्हती, हे सिद्ध करणे. हा नियम सत्य शोधण्यासाठी केलेला नाही, हे नीट ध्यानात घ्यायला हवे. सत्य सापडण्यासारखे नव्हते, म्हणून मुलाच्या डोक्यावर छप्पर राहील अशी एक समजूत त्याने कायद्याच्या भाषेत बसवली. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आणि जुना कायदा गेला, परंतु ही समजूत नव्या कायद्याच्या कलम ११६ मध्ये तशीच उतरली आहे.

मधल्या काळात सत्य सापडू लागले होते. १० सप्टेंबर १९८४ रोजी इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात अॅलेक जेफ्रीज यांना डीएनएच्या ठशांची कल्पना सुचली. पुढच्याच वर्षी घानाहून आलेल्या एका मुलाचे त्याच्या आईशी असलेले नाते सिद्ध करण्यासाठी तिचा उपयोग झाला. भारतात हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रात लालजी सिंग यांनी हे तंत्र विकसित केले आणि १९८९ च्या सुमारास केरळातल्या तलश्शेरीच्या न्यायालयात ते पितृत्वाच्या वादात वापरले गेले. तिथे बाप नाकारत होता आणि आई मुलाच्या पोटगीसाठी भांडत होती. डीएनएने आईची बाजू खरी ठरवली. भारतातल्या या परीक्षेचा पहिला लाभ एका स्त्रीला झाला, हे विसरू नये. ताराबाईंच्या काळात जे साधन नव्हते, ते आले ते असे.

आज ही परीक्षा दोन रूपांत मिळते आणि अमरावती-अकोल्यातल्या एखाद्या कुटुंबापुढे जेव्हा प्रश्न उभा राहतो, तेव्हा तो प्रथम या दोहोंतील निवडीचाच असतो. पहिले रूप खासगी. गालाच्या आतल्या बाजूने कापसाचा बोळा फिरवायचा, पाकिटात घालायचा, टपालाने वा कुरिअरने पाठवायचा. प्रयोगशाळा मूल व कथित बाप यांच्या डीएनएतील ठरावीक जागा ताडून पाहते. प्रत्येक जागी मुलाला अर्धा वाटा आईकडून आणि अर्धा बापाकडून आलेला असतो. अनेक जागी बापाचा वाटा जुळला नाही, तर तो माणूस बाप नव्हे हे जवळजवळ निखालस ठरते. सगळीकडे जुळला, तर संभाव्यता ९९.९९ टक्के वा त्याहून अधिक अशी सांगितली जाते. दुसऱ्या रूपातले, म्हणजे न्यायालयात चालणाऱ्या परीक्षेतले विज्ञान अगदी हेच असते. फरक विज्ञानाभोवतीच्या कागदांत असतो. नमुना कोणासमोर घेतला, देणाऱ्याची ओळख कशावरून पटवली, छायाचित्र, अंगठा आणि संमतीची सही आहे का, मोहोर कोणी लावली, ती कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली, या साखळीची एक जरी कडी निखळली, तरी पाकिटातला बोळा नेमका कोणाचा हे सांगता येत नाही. खासगी अहवाल खोटा असतो असे नव्हे, पण तो कोणाविषयी खरा आहे हे त्याला सिद्ध करता येत नाही. हस्तलिखितांच्या अभ्यासकाला हे वेगळे समजावायला नको. पोथीतला मजकूर कितीही अस्सल वाटला, तरी ती कोणाच्या हातून आली हे कळल्याशिवाय तिच्यावर पाठनिश्चिती करता येत नाही.

पण कागद पुरे असले म्हणजे अहवाल न्यायालयात चालतोच, असा समज असेल तर तो चुकीचा आहे. दोन निकाल शेजारी ठेवून पाहावेत, दोन्ही महाराष्ट्रातले.

पहिला विदर्भातल्या एका दाम्पत्याचा. न्यायदंडाधिकाऱ्यांनी पत्नीला दरमहा ९०० आणि मुलीला ५०० रुपये पोटगी दिली होती. नवरा म्हणत होता, मुलगी माझी नव्हे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, न्यायालयानेच चाचणीचा आदेश दिला. नागपूरच्या प्रयोगशाळेने तो बाप नसल्याचे सांगितले आणि फेरतपासणीत हैदराबादच्या प्रयोगशाळेनेही तेच सांगितले. ६ जानेवारी २०१४ च्या निकालात न्यायालय म्हणाले की, कायद्याची समजूत आणि विज्ञानाचा पुरावा यांत विरोध आला, तर विज्ञान वरचढ ठरेल. मात्र आधी दिलेले पैसे परत घेता येणार नाहीत, हेही त्याच निकालात सांगितले.

दुसरा पुण्यातला. नवऱ्याने धाकट्या मुलाची चाचणी खासगी रीतीने करून घेतली होती आणि तो बाप नसल्याचा अहवाल घेऊन तो घटस्फोटाच्या दाव्यात उभा राहिला. कुटुंब न्यायालयाने आणि उच्च न्यायालयाने २०२१ साली मुलाच्या चाचणीला अनुकूल निर्णय दिले. सर्वोच्च न्यायालयाने २० फेब्रुवारी २०२३ रोजी ते रद्द केले. पति-पत्नी त्या काळात एकत्र राहत होते, संपर्क नव्हता असा दावाच नव्हता. मग पत्नीचे वर्तन सिद्ध करण्यासाठी मुलाला साधन का बनवायचे, असा त्या निकालाचा रोख आहे. नागपूर खंडपीठानेही जुलै २०२५ मध्ये याच दिशेने जाऊन कुटुंब न्यायालयाचा २०२० चा चाचणीचा आदेश मोडीत काढला. तिथेही नवऱ्याने व्यभिचाराचा आरोप केला होता, मूल आपले नाही असे मात्र म्हटले नव्हते.

विज्ञान दोन्हीकडे एकच होते आणि उत्तरेही सारखीच होती, तरी निकाल उलट लागले. २०१४ साली न्यायालयाने स्वतः प्रश्न विचारला होता आणि उत्तर हाती आल्यावर त्याला डोळे मिटता येत नव्हते. २०२३ साली प्रश्न विचारावा की नाही हेच ठरायचे होते. तेव्हा ‘खासगी की न्यायालयीन’ ही निवड किटच्या दोन प्रकारांतली नाही. एका बाजूला स्वतःपुरते जाणणे आहे, दुसऱ्या बाजूला सर्वांसमक्ष ठरवणे. पहिल्याला कोणाची परवानगी लागत नाही, पण त्याने दाखल्यावरचे नाव, पोटगी, वारसा यांतले काहीही हलत नाही. दुसऱ्याने हे सारे हलू शकते, म्हणून तिथे परवानगी लागते आणि ती सहजी मिळत नाही. यासाठी स्वतंत्र कायदाही आपल्याकडे नाही. २०१९ साली लोकसभेत मांडलेले डीएनए तंत्रज्ञान विधेयक २०२३ साली मागे घेण्यात आले.

खासगी चाचणीला ‘मनःशांतीसाठी’ असे विशेषण लावण्याची रीत आहे. हा शब्द आम्हांला खटकतो. स्ट्रिंडबर्गच्या १८८७ च्या ‘पिता’ या नाटकातला कॅप्टन मुलगी आपली की नाही या संशयाने वेडा होतो. त्याच्या हाती किट असते, तर तो शहाणा राहिला असता काय? अहवाल अनुकूल आला, तरी आपण आपल्या लेकराच्या गालातून चोरून नमुना घेतला ही गोष्ट त्या घरात राहतेच. प्रतिकूल आला, तर मनःशांतीचा प्रश्नच मिटतो : हाती एक सत्य असते, जे सांगताही येत नाही आणि वापरताही येत नाही. मुलाला तर यात कोणी काही विचारलेलेच नसते.

याचा अर्थ परीक्षाच नको असा आम्ही काढत नाही. ती कोण मागतो हे पाहावे, इतकेच आमचे म्हणणे आहे. तलश्शेरीत आईने पोटगीसाठी मागितली. दिल्लीत रोहित शेखर यांनी मुलगा म्हणून मागितली आणि २०१२ साली नारायणदत्त तिवारी हे त्यांचे जनक असल्याचे न्यायालयात उघड झाले. आपल्या वऱ्हाडात यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी-जामणी भागातील आदिवासी कुमारी मातांचा प्रश्न वर्षानुवर्षे चर्चेत राहिला आहे. तिथे फसवून निघून गेलेला पुरुष, मागे उरलेली मुलगी आणि तिच्या कडेवरचे मूल, हे चित्र १८८१ पेक्षा फारसे वेगळे नाही. तिथे विवाह नाही, म्हणून कलम ११६ चे छप्परही नाही. अशा आईला खासगी किटचा काही उपयोग नाही, कारण नाकारणारा पुरुष आपला गाल पुढे करणार नाही. तिला न्यायालयच हवे. ते कोणाला जबरदस्तीने सुई टोचत नसले, तरी आदेश धुडकावणाऱ्याविरुद्ध अनुमान काढू शकते, हे २००३ पासून सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले आहे. अनौरस मुलालाही पोटगीचा हक्क आहे. अमरावती आणि अकोल्याला कुटुंब न्यायालये आहेत, अमरावतीत प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. पाड्यावरून तिथवर जाण्याचे बळ तिच्या अंगी कोण देणार, एवढाच प्रश्न उरतो, आणि तो विज्ञानाचा नाही.

अमरावती जिल्ह्यातच, परतवाड्याजवळ वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांचा आश्रम आहे. टाकून दिलेली, बहुतेक दिव्यांग अशी शंभरावर मुले त्यांनी वाढवली आणि त्यांच्या कागदपत्रांवर बाप म्हणून स्वतःचे नाव लावले. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कोणतीही प्रयोगशाळा या नात्याला शून्य टक्के म्हणेल आणि तिचे म्हणणे अचूक असेल. यशवंताच्या बाबतीतही ती जोतीरावांना हेच सांगती.

बुलढाण्याच्या ताराबाईंना बाप हजर करायचा होता, ते काम आज होऊ शकते आणि जिथे आई वा मूल ते मागते, तिथे ते झालेच पाहिजे. पण जिथे हजर असलेलाच बाप स्वतःला गैरहजर ठरवू पाहतो, तिथे पाकीट बंद करण्यापूर्वी त्याने थांबावे. उत्तर आल्यावर आपण त्या मुलाचे काय करणार आहोत, हे आधी ठरवावे. कोणती चाचणी करायची, हे त्यानंतर आपोआप ठरेल, किंवा तिची गरजच उरणार नाही.