कोवळ्या हातांतील कॅमेरा

बंगळूरचे नाव निघाले की मराठी माणसाला प्रथम आठवते ती शहाजीराजांची जहागीर. सतराव्या शतकातील तो संबंध इतिहासजमा झाला. परंतु या शहराशी महाराष्ट्राचे आणखी एक नाते आहे आणि ते प्रकाशाचे आहे. छायाचित्रणाची कला येथे फार लवकर आली, आणि लहानांच्या हाती ती कशी पोहोचावी, या प्रश्नाची काही उत्तरेही याच शहरात निघाली.

ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेतील लिनियस ट्राइप या अधिकाऱ्याने 1854 च्या डिसेंबरात हळेबीड व बेलूर येथील होयसळ मंदिरांची छायाचित्रे घेतली. पुढल्या वर्षी तो सरकारी शिष्टमंडळाबरोबर ब्रह्मदेशात गेला आणि तेथून आणलेल्या चित्रांच्या प्रती काढण्यासाठी त्याने बंगळुरात मुक्काम ठोकला. 120 चित्रांचे 50 संच, म्हणजे सहा हजार प्रती त्याला हव्या होत्या. त्या काळी प्रत निघे ती सूर्याच्या उन्हात. कागदाला मसाला लावावा, मूळ चित्राखाली तो चौकटीत दाबावा, उन्हात ठेवावा, रंग कितपत चढला हे पुनःपुन्हा पाहावे आणि मग तो धूत बसावे! हे एकट्याचे काम नव्हते. साहाय्यक लागत, त्यांपैकी अय्यास्वामी या देशी तरुणाचे नाव इतिहासात टिकून राहिले आहे. साहेबाचे हात भरलेले असले म्हणजे शिष्याच्या हाती काम येते, आणि काम हाती आले म्हणजे विद्याही येते. या शहरातील छायाचित्रणाची पहिली शाळा ती अशी, कोणी न काढता निघालेली.

ती फार काळ टिकली नाही. मद्रास इलाख्याचा सरकारी छायाचित्रकार म्हणून ट्राइपची नेमणूक झाली होती. परंतु 1859 साली गव्हर्नर होऊन आलेल्या सर चार्ल्स ट्रेव्हेलियन यांना हे सारे चैनीचे वाटले व काम थांबले. खजिन्याच्या बाजूने त्यांचे चुकले असे म्हणता येणार नाही. मात्र छायाचित्रण म्हणजे उधळपट्टी, हा जो शिक्का त्या वेळी बसला, तो पुढे शंभर वर्षे घरोघरच्या वडीलधाऱ्यांच्या मुखातून ऐकू येत राहिला.

मुंबईत तोवर निराळा प्रयोग होऊन गेला होता. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये 1855 साली छायाचित्रणाचा वर्ग निघाला आणि त्यातून हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखा नामांकित व्यावसायिक तयार झाला. पण हे सारे शिकणारे तरुण होते. बालकांना तेथे वाव नव्हता आणि तो नसणेच इष्ट होते. ओल्या काचेच्या पद्धतीत काचेवर चिकट द्राव पसरून, ती चांदीच्या क्षारात बुडवून, ओली असतानाच चित्र घ्यावे लागे व लगेच अंधाऱ्या तंबूत धावावे लागे. चित्र पक्के करण्यासाठी पुष्कळदा सायनाइड वापरीत. अशा खोलीत कोणती आई आपल्या मुलास जाऊ देईल?

मुलांसाठी दार उघडले ते 1900 साली, अमेरिकेत. जॉर्ज ईस्टमन यांच्या कोडॅक कंपनीने पुठ्ठ्याची एक साधी पेटी काढली. किंमत एक डॉलर, सहा चित्रांची गुंडाळी पंधरा सेंटांची. मुलांच्या गोष्टींतील चिमुकल्या खोडकर भुतांवरून तिचे नाव ठेवले ब्राउनी. पहिल्याच वर्षी अशा लाखाहून अधिक पेट्या खपल्या. पोटभर फिल्म विकायची तर हात लहानपणीच लागला पाहिजे, हा व्यापाऱ्याचा हिशेब त्यामागे होता, हे उघड आहे. तरीही परिणाम चांगला झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही.

याच सुमारास फ्रान्समध्ये झाक आँरी लार्तीग या सधन घरच्या मुलाला वडिलांनी सात-आठ वर्षांच्या वयात कॅमेरा दिला. मुलाने काय टिपले? जिन्यावरून उडी मारणारी चुलत बहीण, घरची गाडी, हवेत उडणारी विमाने. मोठ्यांना ज्यात चित्र दिसत नव्हते तेथे त्याला ते दिसले. 1963 साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने ती बालपणीची चित्रे मांडली, तेव्हा लार्तीग एकोणसत्तर वर्षांचे होते. एवढे मात्र लक्षात ठेवावे की, त्या मुलाच्या वाया गेलेल्या काचांचा हिशेब वडिलांनी मागितला नाही.

आपल्याकडे हा हिशेब मागितला जाई, आणि त्याला कारणही होते. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले; कॅमेरा व फिल्म दोन्ही महाग. बडोद्याच्या कारखान्यात तयार होणारा आग्फाचा क्लिक थ्री हा मध्यमवर्गाच्या घरातील पहिला कॅमेरा ठरला. 1960 साली उदकमंडलम येथे हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली व 1967 पासून देशी माल निघू लागला. तरी क्लिक थ्रीच्या एका गुंडाळीत चित्रे बाराच. मुंज, सहल आणि आजोबांची पंचाहत्तरी एवढ्यात ती पुरवायची! कॅमेरा कपाटात, किल्ली वडिलांच्या खिशात, आणि मुलांचे काम उन्हाकडे तोंड करून डोळे न मिटता उभे राहण्याचे. मोबाईल फोनने ही टंचाई पार पुसून टाकली आहे. आज चौथीतले मूल लालबागेत एका खारीची चाळीस चित्रे घेते. बारांच्या काळातले मूल मात्र पहिला प्रयत्न करण्यापूर्वीच चुकीला भ्यायलेले असे.

बंगळुरात ही भीती हळूहळू दूर केली ती छांदिष्टांनी. डॉ. जी. थॉमस हे व्यवसायाने वैद्य. पण 1952 साली स्थापन झालेल्या फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी या संघटनेमागे त्यांचा पुढाकार होता आणि 1981 साली त्यांनी भारतातील छायाचित्रणाचा इतिहासही प्रसिद्ध केला. ओ. सी. एडवर्ड्स हे पक्ष्यांची चित्रे घेणारे. त्यांच्या हाताखाली टी. एन. ए. पेरुमाळ शिकले आणि वन्यजीवांचे छायाचित्रकार म्हणून त्यांनी जगभर नाव मिळविले. 2017 साली ते निवर्तले तोवर त्यांना गुरू मानणाऱ्यांची एक पिढीच तयार झालेली होती. 1971 साली निघालेल्या यूथ फोटोग्राफिक सोसायटीच्या नावातच तरुणांचा उल्लेख आहे. अशा मंडळांत घडते ते साधेच. नवशिक्याने आपले चित्र टेबलावर ठेवावे आणि अनुभवी माणसाने त्याच्याशेजारी बसून ते पाहावे. क्षितिज कलले का, पक्ष्याच्या डोळ्यात प्रकाशाचा ठिपका आला का, मागची फांदी डोक्यातून निघाल्यासारखी दिसते का, असे प्रश्न निघतात. बिघडलेले चित्र तेथे अपराध ठरत नाही, ते धड्याचे पान होते.

या मंडळींच्या जगात एक मराठी घराणेही होते. बळ्ळारीजवळील सांडूर संस्थानचे मुरारराव यशवंतराव घोरपडे हे 1972 ते 1977 या काळात कर्नाटकाचे अर्थमंत्री होते. संस्थानिकांच्या घरी मुलाच्या हाती प्रथम बंदूक यावी, अशी रीत. घोरपडे यांनी मात्र कीर्ती मिळविली ती कॅमेऱ्याने. हत्ती, वाघ आणि रानातले ऊन यांचा त्यांचा ग्रंथ 1983 साली प्रसिद्ध झाला. राज्याचा अर्थसंकल्प मांडणारा माणूस एका चित्रासाठी रानात तासन्‌तास गप्प बसू शकतो, हे पाहणाऱ्या मुलाला उपदेशाची गरज उरत नाही.

परंतु छंदाला शाळेचा आधार मिळाला तो म्हैसूर संस्थानच्या दूरदृष्टीने. बंगळुरात जयचामराजेंद्र यांच्या नावे निघालेल्या तंत्रशाळेत सुतारकाम व यंत्रकाम यांच्या शेजारी चलच्चित्रणाचा अभ्यासक्रम सुरू झाला, आणि तोही देशात चित्रपटशिक्षणाची सरकारी संस्था नसताना. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट 1960 ची. बंगळूरचा वर्ग 1943 मध्ये चालू होता. फाळके यांनी बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रणाचे धडे घेतले, त्याच जातीची ही व्यवस्था. संस्थानने फिल्मचा खर्च सोसला, म्हणजेच विद्यार्थ्यांच्या चुकांचाही सोसला. ट्रेव्हेलियनने ज्याला चैन म्हटले, त्यास येथे हुन्नर मानले गेले.

या वर्गातून 1946 साली म्हैसूरचा एक तरुण बाहेर पडला. व्ही. के. मूर्ती त्याचे नाव. मुंबईस जाऊन गुरुदत्त यांच्या चित्रपटांत त्यांनी कृष्णधवल प्रकाशाची जी किमया केली, ती सर्वपरिचित आहे. 1959 च्या ‘कागज के फूल’मधील प्रकाशाच्या झोतासाठी त्यांनी आरशांवरून ऊन परतवून आत आणले. ज्या शहरात ट्राइपने उन्हात प्रती काढल्या, तेथल्या विद्यार्थ्याला कृत्रिम दिव्यांपेक्षा सूर्यच जवळचा वाटावा, हा योगायोग खरा. पण मोठा गोड आहे.

1962 साली त्याच शाळेतून पदविका घेऊन गोविंद निहलानी निघाले व मूर्तींचे साहाय्यक झाले. काचा पुसणे, माप घेणे, पाहत राहणे, हे पहिले शिक्षण. 1971 साली सत्यदेव दुबे यांनी विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’वर मराठी चित्रपट केला, तेव्हा कॅमेरा निहलानींकडे होता. पुढे ते स्वतः दिग्दर्शक झाले. 1988 च्या जानेवारीत दूरदर्शनवर त्यांची ‘तमस’ ही मालिका दाखविली गेली. तिच्या छायाचित्रणात निहलानींबरोबर आणखी एक नाव होते, व्ही. के. मूर्ती.