गावच्या नळाचं पाणी प्यायचं का?



शाळांना जूनची सुट्टी लागायला आली. बुओना व्हिस्टा स्टेशनवर भेटणारा प्रत्येक मराठी माणूस सध्या एकच विचारतो, "तिकिटं काढली का?" आणि तिकिटं काढलेल्या प्रत्येक घरात पुढचा प्रश्न ठरलेला असतो. मुलांनी तिथलं पाणी प्यायचं का?

आमच्याकडे हा प्रश्न गेल्या वर्षी चांगलाच पेटला. आमचं गाव जालना जिल्ह्यातलं. गावाबाहेर विहीर, तिच्यावर मोटर, मोटरीचं पाणी उंच टाकीत आणि टाकीतून घरोघरी नळ. आम्ही पोचलो, माझ्या आईनं तांब्या-भांडं पुढे केलं आणि माझ्या अकरा वर्षांच्या मुलीनं सरळ विचारलं, "आजी, इज इट सेफ?" आईला शब्द कळले नाहीत, पण सूर कळला. ती म्हणाली, "आम्ही काय इख पितो का गं पोरी?"

त्या दिवशी मी दुकानातून बाटल्यांची पेटी आणली. आई दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. मंडळी, तेव्हापासून मी या प्रश्नाचा इतिहास वाचतोय. पेशानं मी आयटी सल्लागार, इतिहासाचा अभ्यासक नव्हे. पण जे सापडलं ते तुम्हाला सांगावंसं वाटतं. कारण आईचंही बरोबर होतं आणि मुलीचंही.

सुरुवात इथूनच करू. आपल्या सिंगापूरचा नळ आज इतका भरवशाचा आहे की हे बेटही एकेकाळी विहिरींवर जगत होतं, हे आपण विसरतो. चायनाटाउनमधल्या क्रेटा आयर या भागाचं नाव तुम्ही वाचलंय ना? मलय भाषेत त्याचा अर्थ पाण्याची गाडी. ॲन सियांग टेकडीजवळच्या विहिरींचं पाणी बैलगाडीतून त्या वस्तीत यायचं. वस्ती वाढली, विहिरी पुरेनात आणि असतील त्या घाण होत चालल्या. १८५७ साली तान किम सेंग या व्यापाऱ्यानं शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी १३,००० डॉलर दिले. थॉमसन रोडचा तलाव, ज्याला आज आपण मॅकरिची म्हणतो आणि रविवारी मुलांना घेऊन फिरायला जातो, तो १८६८ साली बांधून झाला. पण गंमत बघा. तलाव तयार, पाणी तयार, आणि पंप व नळ बसून ते पाणी शहरात नीट पोचायला आणखी दहाएक वर्षं गेली. पाणी साठवलं म्हणजे ते लोकांच्या ओंजळीत पडलं असं होत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा पुन्हा येणार आहे.

त्याच १८६८ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांसाठी खुला केला. आपण गावच्या विहिरीबद्दल फार हळवे होतो, पण ती विहीर सगळ्या गावाची कधीच नव्हती. ज्यांना तिच्यावर जाता येत नव्हतं, त्यांच्या वाट्याला ओढ्यातलं, झऱ्यातलं, मिळेल ते पाणी यायचं. त्यामुळे "पूर्वी पाणी किती छान होतं" असं कोणी म्हणालं, की कोणासाठी छान होतं, हेही विचारायला हवं.

आणि ज्यांना विहीर मिळत होती, त्यांच्यासाठी तरी ती छान होती का? हल्ली आपल्या व्हॉट्सॲप गटांवर जुन्या बारवांचे फोटो फिरतात. सुंदर दगडी पायऱ्या, कमानी, देवळ्या. मलाही ते फोटो आवडतात. पण माझ्या आजीच्या पायावर, घोट्याच्या वर, एक लांबट व्रण होता. लहानपणी मी विचारलं तर ती म्हणायची, "नारू निघाला होता."

नारू म्हणजे हातभर, कधी मीटरभरही लांबीची जंत. पायऱ्यांच्या विहिरीत माणूस पाण्यापर्यंत उतरतो. त्याच्या पायाला नारूचा फोड असेल तर पाण्यात पाय बुडताच जंत हजारो पिल्लं सोडते. पाण्यातले सायक्लॉप्स नावाचे बारीक जीव ती पिल्लं गिळतात आणि तेच पाणी दुसरा माणूस पितो. सुमारे वर्षभर काहीच कळत नाही. मग एक दिवस पायाला फोड येतो आणि जंत डोकं काढते. ती काडीला गुंडाळत रोज थोडी थोडी ओढायची. तुटली तर जखम चिघळायची. ऐन पेरणीच्या दिवसांत माणूस खाटेवर पडायचा.

पाणी दिसायला नितळ होतं, मंडळी. आपल्या बुओना व्हिस्टाच्या नावाचा अर्थ सुंदर देखावा. पाण्याच्या बाबतीत नुसत्या देखाव्यावर भरवसा ठेवता येत नाही, हे आपल्या आजी-आजोबांच्या पायांनी शिकलं.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला देशानं नारू निर्मूलनाची मोहीम काढली. नारूग्रस्त राज्यांत महाराष्ट्रही होता. उपाय साधे होते. पायऱ्यांच्या विहिरींना कठडे बांधून त्या वरून शेंदायच्या केल्या, पाणी फडक्यानं गाळून प्यायला सांगितलं, विहिरींत औषध टाकलं, गावोगाव रुग्ण शोधले. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ च्या जुलैमध्ये राजस्थानातल्या जोधपूर जिल्ह्यात सापडला आणि २००० च्या फेब्रुवारीत जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. या रोगावर ना लस होती ना रामबाण औषध. जे झालं ते माणसांनी विहीर-विहीर फिरून केलं.

नारूविरुद्ध उपयोगी पडलेली आणखी एक गोष्ट म्हणजे बोअरचा हातपंप. त्याची कहाणी तर आपल्या मातीतली आहे.

महाराष्ट्राचा चार-पंचमांश भाग काळ्या कातळावर बसलाय. पाणी असतं ते कातळाच्या भेगांत. १९७२ च्या दुष्काळात उथळ विहिरी कोरड्या पडल्या. त्याच काळात राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली. हवेच्या दाबावर चालणारी यंत्रं कातळ फोडून थोड्या वेळात खोल बोअर घेऊ लागली. प्रत्येक बोअरवर एक हातपंप बसला आणि सगळ्यांना वाटलं, आता प्रश्न सुटला.

सुटला नव्हता. ते बिडाचे पंप एका कुटुंबाच्या अंगणासाठी बनवलेले होते. त्यांच्यावर दिवसभर अख्खं गाव पाणी भरू लागलं, तर ते कसे टिकणार? १९७४ च्या सुमारास युनिसेफनं पाहणी केली तेव्हा चारपैकी तीन पंप बंद सापडले. म्हणजे बोअर होता, खाली पाणी होतं, वर दांडा होता, आणि बायका पुन्हा जुन्या विहिरीवर.

यावरचा इलाज जालना आणि सोलापूरनं दाखवला. जालन्यात स्कॉटिश मिशनच्या लोकांनी पोलादाचा, एकाच कण्यावर हलणारा मजबूत पंप तयार केला. त्याला जालना पंप म्हणत. सोलापुरात तो आणखी सुधारला. त्या सोलापूर पंपाच्या आधारावर युनिसेफ आणि मद्रासच्या अभियंत्यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'इंडिया मार्क टू' हा पंप घडवला. तो पुढे लाखोंच्या संख्येनं देशभर बसला आणि आफ्रिकेतही गेला. तुम्ही शाळेच्या आवारात लोंबकळून जो हापसा हापसला असेल, तो बहुधा हाच. पण या पंपाबरोबर आणखी एक गोष्ट यावी लागली, ती म्हणजे तो दुरुस्त करणारा माणूस. त्याच्याशिवाय मार्क टूही बंदच पडतो.

आता खोल पाण्याची दुसरी बाजू. खोल गेलं की जंतू कमी होतात, पण खडकातले क्षार वाढू शकतात. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. भारतीय मानकानुसार ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं आणि दुसरा स्रोतच नसेल तर जास्तीत जास्त १.५. त्याहून जास्त पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं तर मुलांचे दात पिवळे-तपकिरी पडतात आणि प्रमाण फार असेल तर हाडं आखडतात. याला रंग नाही, वास नाही, चव नाही. नागपूरच्या 'नीरी' या संस्थेनं तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढायची स्वस्त पद्धत शोधली. नालगोंडा पद्धत म्हणून ती ओळखली जाते. तीही रोज कोणीतरी मोजून करावी लागते. इकडे सिंगापुरात १९५० च्या दशकापासून दातांसाठी नळाच्या पाण्यात फ्लोराइड मोजून घालतात. एकच पदार्थ, एकीकडे मोजून घालायचा, दुसरीकडे मोजून काढायचा. भरवसा आहे तो मोजण्यावर.

इथे पालकांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. पाणी उकळल्यानं जंतू मरतात. फ्लोराइड आणि नायट्रेट उकळून जात नाहीत. उलट पाणी आटतं तसं त्यांचं प्रमाण थोडं वाढतंच. नायट्रेट येतं शेतातल्या खतांतून, उकिरड्यांतून आणि शोषखड्ड्यांतून. बाटलीनं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना ते फार बाधतं. तेव्हा "आम्ही उकळून देतो" हे अर्धंच उत्तर आहे.

आणि नळ? २०१९ च्या १५ ऑगस्टला जल जीवन मिशन जाहीर झालं. घरोघरी नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी हे उद्दिष्ट. हांडे वाहणाऱ्या बायकांच्या डोक्यावरचा भार उतरला, ही लहान गोष्ट नाही. पण आमच्या गल्लीत नळ तासभर येतो. दाब कमी, म्हणून लोकांनी नळाखाली खड्डे केलेत. पाणी गेलं की रिकाम्या पाइपात ओढ निर्माण होते आणि फुटक्या जोडातून त्याच खड्ड्यातलं, गटारातलं पाणी आत शिरतं. विहीर चांगली, टाकी चांगली आणि मधला पाइप दगा देतो. आणि हे सगळ्यात जास्त होतं पहिल्या पावसात. म्हणजे नेमकं जूनमध्ये, जेव्हा आपण पोरांना घेऊन उतरतो.

गेल्या वर्षी तिसऱ्या दिवशी मी टाकीवर गेलो. तिथे पंचविशीचा एक मुलगा भेटला, ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक. पहाटे टाकी भरताना तो टीसीएल पावडर बादलीत कालवतो, निवळी टाकीत ओततो, अर्धा तास थांबतो आणि मग चावी फिरवतो. त्यानं मला काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकून दाखवले. पाणी पिवळसर झालं. "ही ओटी टेस्ट, साहेब. पिवळं झालं म्हणजे क्लोरीन आहे." मग आम्ही आमच्या घरच्या नळाचं पाणी तपासलं. गल्लीच्या टोकाला आमचं घर. पाणी पांढरंच राहिलं. तो म्हणाला, "मधी कुठं तरी लिकेज आहे. आणि पावडरही जुनी झाली. ओल लागली की तिचा दम जातो. नवीन मागितलीय."

माझ्या धंद्यात याला मॉनिटरिंग म्हणतात आणि त्याचे आम्ही भरपूर पैसे घेतो. तो मुलगा ते किरकोळ मानधनावर करतो, आणि गावात त्याचं नाव विचारलं तर निम्म्यांना सांगता येत नाही. लिकेज आठ दिवसांनी काढलं. तोवर आईनंही उकळलेलं पाणी प्यायलं. माझ्या सांगण्यावरून नव्हे. नळीतलं पांढरं पाणी तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

तर मंडळी, गावी गेलात की "पाणी चांगलं आहे का?" असं विचारू नका. त्यानं घरच्यांचा अपमान होतो आणि उत्तर कायम "हो" असंच येतं. त्याऐवजी तीन गोष्टी विचारा. पावडर कोण टाकतं आणि आपल्या शेवटच्या नळाची ओटी टेस्ट कधी झाली? स्रोताची रासायनिक तपासणी कधी झाली, त्यात फ्लोराइड आणि नायट्रेट किती निघालं? आणि गावाला कार्ड कोणतं आहे? महाराष्ट्रात आरोग्य विभाग वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, गावांच्या पाण्याच्या व्यवस्थेची पाहणी करतो आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतो. लाल म्हणजे धोका जास्त. ग्रामपंचायतीत विचारलं तर कळायला हवं.

आणखी एक, जरा अवघड बोलतो. आपल्यातले बरेच जण गावाला काहीतरी देतात. हल्ली आरओ यंत्र देतात. फीत कापतात, पाटीवर नाव लागतं. दोन वर्षांनी आतली गाळणी बदलायला पैसे नसतात आणि यंत्रावर धूळ बसते. १९७४ च्या त्या चारपैकी तीन पंपांची आठवण ठेवा. द्यायचंच असेल तर यंत्राबरोबर पाच वर्षांची देखभाल द्या. तपासणीचं साहित्य द्या. जल जीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायला शिकवायची सोय आहे. तुमच्या गावात त्या पाच जणी कोण, हे शोधा आणि त्यांच्या पाठीशी उभे राहा. यात पाटी लागत नाही, हे खरं.

पाणी आणणं हे एकदाचं काम असतं. ते पिण्याजोगं ठेवणं हे रोजचं काम. सिंगापूरच्या नळामागे ते रोजचं काम करणारी माणसं आहेत, म्हणून आपण न विचारता पेला भरतो. गावच्या नळामागेही एक माणूस आहे.

यंदा आम्ही पुन्हा निघालोय. मुलीनं स्वतःच्या बॅगेत ओटी टेस्टची एक पेटी टाकलीय, त्या जलसुरक्षकाला द्यायला. आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "आण. पण आधी माझ्या नळाचं बघ म्हणावं."

भेटूया सुट्टीनंतर. नमस्कार!