संतांची कोवळी वये

आपल्या देवघरातली संतांची चित्रे आठवून पाहावीत. तुकोबारायांना डोक्यावर पागोटे, हातात वीणा, चेहऱ्यावर प्रौढ गांभीर्य. नामदेवराय तसेच. माउली तेवढे तरुण, पण त्यांच्या मुखावरची शांती अशी की चित्राखाली वय लिहिले तर आपणच दचकू. रूढ सनावळीप्रमाणे निवृत्तिनाथांचा जन्म १२७३चा, ज्ञानदेवांचा १२७५चा, सोपानदेवांचा १२७७चा आणि मुक्ताईंचा १२७९चा. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला पूर्ण झाली. तेव्हा सांगणाऱ्याचे वय पंधरा, ज्यांच्या आज्ञेने सांगितले त्या सद्गुरूंचे सतरा, आणि घरात धाकटी बहीण अकरा वर्षांची. आजच्या भाषेत बोलायचे तर दहावीतला मुलगा, बारावीतला मुलगा आणि सहावीतली मुलगी.

हे आकडे कीर्तनातून आपण शंभरदा ऐकलेले असतात. ऐकले की हात जोडतो आणि म्हणतो, "ते अवतारी पुरुष." भावनेच्या अंगाने ते योग्यच आहे. पण घरातला पंधरा वर्षांचा मुलगा शेजारी बसून ते ऐकत असतो, आणि त्याला त्यातून एवढेच कळते की त्याच्यासारख्या साध्या मुलाचा या गोष्टीशी संबंध नाही. मग तो वारीत येतो तो आजोबांच्या पिशव्या उचलायला. चांगले जगणे म्हणजे काय, हा प्रश्न त्याच्या मनात नसतो असे मुळीच नाही. त्या वयात तो जितका टोचतो तितका पुढे कधी टोचत नाही. फक्त आपल्या सांप्रदायात त्याला जागा आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

इतिहास मात्र सांगतो की ही जागा आपल्याकडे पहिल्यापासून आहे. ती चार भावंडे आईबापांच्या देहान्त प्रायश्चित्तानंतर पोरकी झाली. संन्याशाची पोरे म्हणून गावाने बाहेर ठेवली. शुद्धिपत्रासाठी पैठणापर्यंत चालत गेली. आपण काय गुन्हा केला, आणि ज्यांनी आपल्याला असे वागवले त्यांच्याशी आपण कसे वागायचे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न पोथीतला नव्हता. ताटीच्या अभंगांमागची कथा त्याच प्रश्नाची आहे. लोकांच्या बोलण्याने ज्ञानदेवांचे मन दुखावले, ते झोपडीची ताटी लावून आत बसले. दारापाशी उभी राहून समजूत घालणारी कोण? त्यांच्याहून चार वर्षांनी लहान असलेली मुक्ताई. दुखावलेल्या माणसाने जगाकडे पाठ फिरवायची की पुन्हा दार उघडायचे, याचा निवाडा आपल्या परंपरेत एका लहान मुलीने केला आहे. मोठ्या माणसाच्या तोंडी हे अभंग घातले असते तर ते उपदेश झाले असते. बहिणीच्या तोंडी ते घरातले बोलणे राहते. दार लावून आत बसणारी मुले आज प्रत्येक घरात आहेत, आणि बहुतेक घरांत त्यांना हाक मारायला वडील पुढे होतात. तेथेच बहुधा चुकते.

तेरच्या गोरोबाकाकांनी संतमेळ्यात मडकी पारखली, तीही कथा आपल्याला पाठ आहे. मुक्ताईंनी विचारले, काकांनी थापटी घेतली, आणि नामदेवराय कच्चे ठरले. नामदेवांचा जन्म १२७०चा. म्हणजे ते विशीच्या उंबरठ्यावरचे तरुण होते, पंढरीनाथाचे लाडके, आणि चारचौघांत कच्चे ठरल्यावर आतून पेटलेले. त्यांनी देवाकडे गाऱ्हाणे नेले. परंपरा सांगते की देवाने त्यांची बाजू घेतली नाही. त्यांना विसोबा खेचरांकडे पाठवले. तरुण मुलाचा अपमान झाल्यावर त्याला गोंजारून घरी ठेवणे सोपे असते. त्याला शिकायला वाटेला लावणे आईबापालाही जड जाते. नामदेवराय गेले, आणि पुढे पंजाबापर्यंत जाऊन पोचले.

तुकोबारायांविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यांचे चरित्र घरोघर ठाऊक आहे. वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी दुकान आणि सावकारी त्यांच्या गळ्यात पडली. सतराव्या वर्षाच्या सुमारास आईवडील गेले. मग १६३०च्या आगेमागे तो भीषण दुष्काळ. त्यात पहिली पत्नी गेली, मुलगा गेला. इतरांचे धान्य संपत असताना आपल्या घरात लोकांची कर्जखते पडून आहेत, या जाणिवेशी तो विशीतला तरुण भिडला. भाऊ कान्होबांचा वाटा त्यांच्या हाती दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडली. कान्होबांचा वाटा सोडून देण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे त्यांना कळत होते. मला त्या प्रसंगातला हा हिशेब नेहमी मोठा वाटतो. वैराग्याच्या भरातही दुसऱ्याच्या पोटावर पाय दिला नाही. चांगले जगणे म्हणजे काय, असे एखाद्या सतरा वर्षांच्या मुलाने विचारले तर मी त्याला अगोदर ही वाटणी सांगेन.

पण या सगळ्यांविषयी "ते थोर होते" म्हणून सुटका करून घेता येते. संत बहिणाबाईंविषयी तशी सुटका नाही. त्यांनी आपल्या लहानपणाची हकीकत स्वतःच अभंगांतून सांगून ठेवली आहे, आणि ती इतक्या सरळपणे सांगितली आहे की त्यात मुलीचे मन जसेच्या तसे दिसते. जन्म १६२८चा, वेरूळच्या परिसरातल्या देवगावचा. खेळण्याच्या वयात लग्न झाले, तेही तिशीतल्या बिजवराशी. कर्जाच्या आणि भाऊबंदकीच्या कटकटीपायी आईवडील, नवरा आणि ही मुलगी असे सगळे कुटुंब गाव सोडून निघाले. पंढरपूर, शिंगणापूर, रहिमतपूर असे करत कोल्हापूरला येऊन टेकले. तेव्हा बहिणाबाई अकरा वर्षांच्या होत्या.

कोल्हापुरात एक कपिला गाय दानात मिळाली आणि तिच्या वासराला या मुलीचा लळा लागला. ती पाण्याला जाई तेथे वासरू जाई, ती कथेला जाई तेथेही वासरू जाई. जयरामस्वामींच्या कीर्तनात गर्दी झाली म्हणून वासराला बाहेर काढले, तेव्हा ते बाहेर हंबरू लागले आणि ही आत रडू लागली. स्वामींनी वासराला आत आणवले आणि दोघांच्याही मस्तकावर हात ठेवला. ही वार्ता घरी पोचली ती तिखटमीठ लावून. नवऱ्याने तिला मारले. गाईने आणि वासराने चारापाणी सोडले आणि काही दिवसांत ते वासरू गेले.

येथे थोडे थांबावे. अकरा-बारा वर्षांची मुलगी आहे. एका मुक्या जिवावर तिने माया केली, कीर्तन ऐकले, आणि त्याबद्दल मार खाल्ला. तिला विचारायला कोणी नाही. आईवडील जावयाच्या आधाराने राहतात. शास्त्र जाणणारा नवराच मारतो आहे. तिने ऐकलेले तुकोबांचे अभंग तेवढे तिच्याजवळ आहेत. त्या अभंगांचा तिने ध्यास घेतला. तुकोबांनी स्वप्नात येऊन उपदेश केला, असे ती सांगते. तो काळ परंपरेने शके १५६९चा, म्हणजे १६४७चा मानला जातो. ब्राह्मणाच्या बायकोने वाण्याच्या मुलाला गुरू मानावे, हे घरात सहन होणारे नव्हतेच. नवरा घर सोडून निघण्याच्या गोष्टी करू लागला, आणि ती तर गर्भार होती.

त्या अवस्थेत तिने जो विचार केला तो अभंगांत आहे, आणि तो आजच्या वाचकाला अडखळवतो. नवऱ्याला सोडून परमार्थ नाही, त्याची सेवा हाच आपला धर्म, असे ती ठरवते. यावरून आपल्याकडे कीर्तनातून स्त्रीधर्माचे निरूपण करण्याची पद्धत आहे. मला ते अपुरे वाटते. ज्या मुलीने नवऱ्याच्या आज्ञेविरुद्ध गुरू केला आणि तो शेवटपर्यंत सोडला नाही, तिचे चरित्र निव्वळ आज्ञापालनाचे कसे ठरेल? तिने दोन्ही धरून ठेवले, आणि दोन्हींची किंमत मोजली. पुढे नवरा आजारी पडला, त्याचे मन पालटले आणि सगळे कुटुंब देहूला गेले. तेथे मंबाजीचा जाच सोसला. जन्माने श्रेष्ठत्व येत नाही हा विचार मांडणारे संस्कृत वज्रसूचीचे निरूपण तिने पुढे मराठी अभंगांत केले. आजची सोळा-सतरा वर्षांची मुलगी तिच्या निवाड्याशी भांडेल. भांडू द्यावे. बहिणाबाईंचे चरित्र एवढे दणकट आहे की मुलींच्या रागाने त्याला काही होत नाही. उलट त्या रागातूनच ते पहिल्यांदा वाचले जाईल.

आता मोठ्यांकडे येतो. कोवळ्या मुलांना हाताशी धरण्याचे काम आपल्या सांप्रदायात योजनापूर्वक कोणी केले म्हणाल तर विष्णुबुवा जोग महाराजांनी. पुण्यात १८६७ साली जन्मलेले, तरुणपणी तालमीत रमलेले, आजन्म ब्रह्मचारी. त्यांनी १९१७च्या गुढीपाडव्याला आळंदीत वारकरी शिक्षण संस्था सुरू केली. चार वर्षांचा अभ्यास, माधुकरीवर निर्वाह, ज्ञानेश्वरी, गाथा, गीता यांचे पाठांतर आणि अर्थ. नंतर अवघ्या तीन वर्षांत, १९२० साली, महाराज गेले आणि संस्था त्यांनी तयार केलेल्या तरुणांच्या खांद्यावर आली. बंकटस्वामी त्यांतलेच, सोनोपंत दांडेकरही त्यांतलेच.

माधुकरीकडे आज अनेकांना दारिद्र्याची खूण म्हणून पाहायची सवय आहे. पण तिचा त्या वयावर होणारा परिणाम पाहावा. रोज दुसऱ्याच्या दारात उभे राहायचे. कोणी वाढेल, कोणी "पुढे जा" म्हणेल. पंधरा वर्षांच्या मुलाचा सगळा ताठा तेथे निघतो, आणि गावातली कोणती माउली स्वतः अर्धपोटी राहून भाकरी घालते हेही त्याला कळते. तो विषय पुस्तकातून शिकवता येत नाही. सगळे विद्यार्थी त्यातून चांगले निघाले असे मी म्हणणार नाही. माधुकरी मागून पुढे मोठ्या बिदागीवर अडून बसणारे कीर्तनकारही आपण पाहतो.

सोनोपंत, म्हणजे मामासाहेब, यांचे वैशिष्ट्य वेगळे. १८९६चा जन्म, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य, आणि त्याच वेळी नेमाने वारी करणारे वारकरी. महाविद्यालयातल्या मुलांच्या शंका त्यांना रोज ऐकाव्या लागत. आळंदीतल्या मुलांची श्रद्धाही ठाऊक होती. १९५३ साली निघालेली त्यांची सार्थ ज्ञानेश्वरी आजही घरोघर वाचली जाते. शंका घेणाऱ्या मुलाला हाकलून न देता ज्ञानेश्वरी समजावून सांगता येते, याचा तो पुरावाच आहे.

आणखी एक नाव घेतले पाहिजे, जरी ते आपल्या फडांच्या यादीत नसले तरी. साने गुरुजी १९२४ साली अमळनेरला शिक्षक झाले आणि तेथील छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त दिसल्या की गुरुजी रागवत नसत. मुले शाळेत गेली की स्वतः खोल्या झाडीत, कपडे धूत. मुलांसाठी रोज हस्तलिखित दैनिक लिहून काढीत. चांगले कसे जगावे हे सांगायला त्यांनी 'श्यामची आई'त नीतिपाठ लिहिला नाही. संध्याकाळची प्रार्थना झाल्यावर श्याम आपल्या लहानपणच्या गोष्टी सांगतो, त्यांत स्वतःच्या खोड्या, हट्ट आणि चोऱ्याही सांगतो, आणि बाकीचे ऐकतात. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली ते पुस्तक चार-पाच दिवसांत लिहून झाले. हेच गुरुजी १ मे १९४७ पासून पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले, विठ्ठलाचे दार अस्पृश्य म्हटल्या गेलेल्या भक्तांना उघडावे म्हणून. दहाव्या दिवशी उपोषण सुटले. त्या वेळी चोखोबांचे नाव मुखी घेणाऱ्यांतलेही बरेच जण विरोधात उभे होते, हे आपण लपवू नये. मुले हे शाळेत वाचतात आणि घरी येऊन विचारतात. तेव्हा "तो काळच वेगळा होता" म्हणून विषय बदलणे ठीक नाही. मठाचे दार गुरुजींसाठी उघडे ठेवणारेही आपल्यातलेच होते, हे त्याच बैठकीत सांगता येते.

दिंडीत पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना काय काम द्यावे, अशी चर्चा अनेक फडांवर होते. राष्ट्रीय सेवा योजनेची मुले-मुली वाटेवर स्वच्छतेचे काम करतात, ते उत्तमच आहे. पण मुक्कामी जेवणे झाल्यावर तासभर त्यांना एकत्र बसवावे आणि ताटीचे अभंग त्यांच्याकडून वाचून घ्यावेत, मुक्ताईंचे बोल मुलींनी म्हणावेत, असे मला फार दिवसांपासून वाटते. मोठ्यांनी ऐकायला बसावे. अर्थ त्यांनाच विचारावा. निरूपण दुसऱ्या दिवशी करता येते.

बहिणाबाईंनी १७०० साली देह ठेवला. त्याआधी त्यांनी निरोप धाडून मुलाला, विठोबाला, बोलावून घेतले. त्याने आईला तिच्या मागच्या जन्मांविषयी विचारले. तिने बारा जन्म सांगितले, आणि मग तेरावा, देवगावात सुरू झालेला.