निळ्या बॉनेटची कथा

मस्तकावरील वस्त्र हें जगांत बहुतेक ठिकाणीं मानाचें चिन्ह समजलें जातें. पगडी, पागोटें किंवा रुमाल यांच्या बांधणीवरून माणसाचा प्रांत व व्यवसाय ताडण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाहीं. स्कॉटलंडांत हा मान निळ्या लोकरी टोपीनें, म्हणजे 'बॉनेट'नें, मिळविला. विशेष असा कीं, ही टोपी राजवाड्यांतून खालीं उतरली नाहीं. ती शेतकरी व मजूर यांच्या डोक्यावरून वर चढली.

ही टोपी मऊ, वाटोळी आणि भाकरीसारखी पसरट असे. 'स्कोन' नांवाच्या पावासारखा आकार म्हणून सखल प्रदेशांत तिला स्कोन-टोपीही म्हणत. सोळाव्या शतकांत तिचा धंदा चांगलाच मूळ धरून होता. एडिंबरो येथें इ. स. १५३० मध्यें व ग्लासगो येथें १५९७ मध्यें बॉनेट करणाऱ्या कारागिरांच्या संघांना मान्यता मिळाली. डंडी, किल्मार्नॉक व स्ट्युअर्टन हीं गांवेंही या धंद्याकरितां प्रसिद्धीस आलीं. स्ट्युअर्टनला आजही 'बॉनेटांचें गांव' म्हणतात. माल कसदार निघावा व धंद्याची अब्रू राहावी, हा अशा संघांचा हेतु असे.

शेजारच्या इंग्लंडांत टोपी विणणाऱ्यांचा धंदा बसूं लागला, तेव्हां १५७१ मध्यें कायदाच झाला. उमराव वगैरे कांहीं वर्ग सोडून सहा वर्षांवरील प्रजाजनांनीं रविवारीं व सणाच्या दिवशीं देशी लोकरीची विणलेली टोपी घालावी, न घातल्यास दंड भरावा! १५९७ मध्यें तो कायदा रद्द झाला. राजाज्ञेनें टोपी डोक्यावर ठेवतां येते, पण टिकवितां येत नाहीं. स्कॉटलंडांत मात्र गरीब माणसानें तीच टोपी पुढें शतकानुशतकें टिकविली. याचें कारण तिच्या घडणीत आहे.

बॉनेट प्रथम हव्या त्या मापाहून बरेंच मोठें व सैल विणावयाचें. जाड सूत, दोन्हीं टोंकांस अणकुचीदार अशा चार-पांच सुया, आणि सुलट टांक्यांचे गोल फेरे. कांठापासून आरंभ केल्यास टांके वाढवीत घेर पसरवावयाचा, मग कमी करीत मध्यबिंदूपाशीं मिटवावयाचा. शिवण कोठेंच नाहीं. अशी टोपी हातांत घेतली तर ढिलीढाली पिशवीच वाटावी. खरी टोपी होते ती पाण्यांत. गरम पाणी व साबण यांत ती चोळावयाची, मळावयाची, आपटावयाची. लोकरीच्या तंतूवर माशाच्या अंगासारखे सूक्ष्म खवले असतात. उष्णता, ओलावा व घर्षण यांनीं तंतु सरकून एकमेकांत अडकतात आणि मग सुटत नाहींत. टांके दिसेनासे होतात, कापड आटतें, दाट होतें. नमदा होतो तो याच गुणामुळें. कापसाच्या सुताला हा गुण नाहीं; यंत्रांत धुतां यावी म्हणून खवले झांकलेली आधुनिक लोकरही येथें निरुपयोगी ठरते.

सगळी लोकर सारखी आटत नाहीं. म्हणून जाणती विणकरीण आधीं लहान तुकडा विणून मोजते, मळून पुन्हां मोजते व त्यावरून टोपीचे टांके ठरविते. मळलेली टोपी ओली असतांनाच ताटलीवर ताणून वाळविली म्हणजे तिचा आकार बसतो. पूर्वीं त्यावर कांटेरी बोंडांनीं लव उठवीत. अशी टोपी वारा अडवी आणि पाऊस सहजासहजीं आंत येऊं देत नसे. त्या ओल्या देशांत याहून अधिक काय हवें?

रंग निळा, तो 'वोड' नांवाच्या झाडाच्या पानांपासून निघे. त्यांतील रंगद्रव्य आपल्या निळीचेंच. पुढें समुद्रमार्गानें हिंदुस्थानांतील नीळ युरोपांत पोंचली आणि तिनें वोडला मागें सारलें. १८९७ पासून कारखान्यांत तयार झालेली कृत्रिम नीळ बाजारांत आली व आपल्याकडील निळीचा व्यापारही ढासळला.

१७४५ मध्यें राजपुत्र चार्ल्स एडवर्ड स्ट्युअर्ट यानें बंड उभारलें, तेव्हां त्याच्या अनुयायांनीं निळ्या बॉनेटवर पांढरें फितीचें फूल लाविलें. परंतु सरकारपक्षाच्या स्कॉटिश शिबंदीच्या डोक्यावरही बॉनेटच होतें. त्यावरील फूल मात्र काळें. १६ एप्रिल १७४६ रोजीं कलोडनच्या माळावर भावाभावांस वेगळें ओळखण्यास अशी एवढीशी खूण उरली होती. टोपीनें पक्ष घेतला नव्हता. तो माणसांनीं घेतला.

१९६४ मध्यें ल्युइस बेटावर आर्निश येथील दलदलींत अठराव्या शतकाच्या आरंभींच्या एका तरुणाचे अवशेष सांपडले. त्याचें नांव कोणास ठाऊक नाहीं. पण त्याच्या कपड्यांबरोबर त्याची विणलेली लोकरी टोपी मात्र टिकली. ती विणणाऱ्या हातांचेंही नांव इतिहासांत नाहीं.

रॉबर्ट बर्न्स या कवीनें १७९० मध्यें रचिलेल्या काव्याच्या नायकावरून या घराण्यांतील टोपीस पुढें 'टॅम ओ' शँटर' हें नांव पडलें. १९१५ मध्यें स्कॉटिश पलटणींना तिचा खाकी अवतार मिळाला. यंत्रें आलीं, हातविणीचा धंदा मागें पडला. तरी घरोघर हौसेनें बॉनेट विणणारे आजही आहेत. राजांच्या मुकुटांची नोंद बखरींत राहाते. कष्टकऱ्याच्या टोपीची नोंद ती पुन्हां विणणाऱ्या हातांत राहाते. म्हणून ते हात रिकामे न राहाणें, हेंही इतिहासाचें रक्षणच होय.