कापसाचा भाव आणि गिरणगावचा आकडा

करी रोड स्टेशनच्या पश्चिमेला महालक्ष्मीचे रेसकोर्स, पूर्वेला कॉटन ग्रीन आणि भोवताली कापडगिरण्या, त्यातल्या बहुतेक आता बंद पडलेल्या किंवा टॉवरखाली गेलेल्या. मुंबईतला पैजेचा धंदा या तीन ठिकाणांच्या आधाराने वाढला. रेसकोर्सवर भाव कसा बांधायचा हे शहराने पाहिले, कापसाच्या बाजाराने रोज नवा आकडा पुरवला आणि गिरणीच्या पगाराने त्या आकड्याला गिऱ्हाईक दिले. इंग्लंडच्या गिरणीशहरांत हाच धंदा फुटबॉलवर उभा राहिला. लिटलवूड्सची फुटबॉल-कुपने 1923 मध्ये मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानाबाहेर वाटली गेली आणि पुढच्या काही वर्षांत ती कामगारांच्या घराघरांत पोचली. फुटबॉल मुंबईतही होता. 1891 पासून रोव्हर्स कप खेळला गेला, मफतलाल आणि ऑर्के मिल्ससारखे गिरण्यांचे संघ कूपरेजच्या मैदानावर उतरत. गिरणगावातल्या पैजेचा पैसा मात्र कापसावर लागला.

त्याआधीचा सट्टा पावसावरचा. एकोणिसाव्या शतकात काळबादेवी-पायधुणीच्या व्यापारी पेठेत ढगांकडे पाहून पैज लागे: ठरलेल्या मुदतीत इतका पाऊस पडेल का, की पन्हाळीतून पाणी वाहू लागेल? 1887 चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा आला तेव्हा पोलिसांनी या सट्टेवाल्यांनाही धरले, पण 1889 मध्ये उच्च न्यायालयात प्रश्न निघाला की पावसाला जुगाराचे साधन म्हणायचे तरी कसे. पुढच्याच वर्षी, 1890 मध्ये, कायद्यात दुरुस्ती करून ही पळवाट बुजवली गेली. धंद्याने नवी वस्तू शोधायची आणि कायद्याने मागून येऊन तिला नाव द्यायचे, हा क्रम पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ चालला.

त्याहूनही जुना, 1865 चा, एक मुंबई कायदा या धंद्याच्या घडणीला जास्त कारणीभूत आहे. पैजेचा करार कोर्टात टिकत नाही हे तत्त्व पुढे 1872 च्या करार कायद्यातही आले. मुंबई इलाख्यात त्याच्याही पुढे जाऊन पैजेला जोडून केलेले करारही निरर्थक ठरवले गेले. म्हणजे हरलेल्याकडून वसुली नाही आणि जिंकलेल्याला दादही नाही. मग अशा धंद्यात भांडवल कोणते? दिलेला शब्द. ज्या पेढीने एकदा जिंकलेला पैसा बुडवला तिच्याकडे दुसऱ्या दिवशी कुणी फिरकत नसे. पुढे आलेल्या मटक्याच्या, म्हणजे आकड्यांच्या सट्ट्याच्या, बुकींची चोख चुकाऱ्याबद्दल ख्याती होती, ती या गरजेतून आलेली.

रेसकोर्स भायखळ्याहून महालक्ष्मीला आले ते 1883 मध्ये. तिथल्या रिंगमध्ये बसणारा परवानाधारक बुकमेकर हा मुंबईने पाहिलेला पहिला खरा भाव बांधणारा. त्याचे काम घोडा ओळखण्याचे असते असा समज आहे, पण त्याला जास्त ओळखावा लागतो तो पैसा. कुठल्या घोड्यावर किती पैसा आला, तो कुणी लावला, हे पाहून तो भाव खाली-वर करतो. फुटबॉलच्या सामन्यावर हे गणित सर्वांत स्वच्छ दिसते. यजमान संघाच्या विजयावर रुपयाला दोन रुपये, बरोबरीवर तीन रुपये वीस पैसे आणि पाहुण्यांच्या विजयावर तीन रुपये साठ पैसे परत मिळतील असा भाव असेल, तर त्यात दडलेल्या शक्यता अनुक्रमे 50, 31.25 आणि 27.78 टक्के होतात. बेरीज 109. खऱ्या शक्यतांची बेरीज 100 च असते. वरचे नऊ ही भाव बांधणाऱ्याची मजुरी. तिन्ही बाजूंना पैसा योग्य प्रमाणात आला तर निकाल काहीही लागो, त्याचे घर चालते.

कापसाच्या आकड्यात असा भाव बांधावाच लागत नसे, आणि गिरणगावात तो पसरण्याचे हे एक मोठे कारण. न्यूयॉर्कच्या कॉटन एक्स्चेंजमधले उघडते आणि बंद भाव टेलिप्रिंटरने मुंबईच्या कापूस बाजारात येत. मुंबादेवीजवळच्या धनजी स्ट्रीटवर या भावांच्या आकड्यांवर पैजा लागत. आकडा समुद्रापलीकडून येतो, इथल्या कुणाचा हात त्याला लागू शकत नाही, हीच त्याची पत होती. दिवसभर खात्यात कापसाची पिंजण नाकातोंडात घेणारा माणूस संध्याकाळी त्याच कापसाच्या अमेरिकेतल्या भावावर चार आणे लावी. त्याच्या पगाराचा त्या भावाशी संबंध होताच. पैजेने तो त्याच्या हातात आल्यासारखा वाटे.

1961 मध्ये न्यूयॉर्कहून येणारे आकडे बंद झाले. गिऱ्हाईक होते, लिहून घेणारी माणसे होती, चुकाऱ्याची साखळी होती, फक्त आकडा नव्हता. तेव्हा दोघांनी आकडा इथेच काढायचे ठरवले. कच्छमधल्या रताडियाहून 1941 मध्ये मुंबईला आलेले कल्याणजी भगत यांनी मसाल्याची फेरी आणि किराणा दुकान करत करत वरळीत बस्तान बसवले होते. 1962 मध्ये त्यांनी आपला खेळ सुरू केला. कल्याण मटका हे नाव त्यांचे, कल्याण शहराचे नव्हे. फाळणीच्या वेळी कराचीहून आलेले रतन खत्री आधी त्यांच्याबरोबर होते. 1964 मध्ये त्यांनी ‘न्यू वरळी मटका’ वेगळा काढला. कल्याणजींचा खेळ आठवड्याचे सातही दिवस चाले, खत्रींचा सगळे दिवस नसे. सुरुवातीला मडक्यात आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकून एक उचलली जाई. पुढे मडके गेले, पत्ते आले, नाव मात्र राहिले.

पत्त्यांची रीत अशी. जोडातून राजा, राणी, गुलाम काढून टाकले की एक्का ते दश्शी असे 40 पत्ते उरतात. त्यातून तीन काढायचे. समजा तिर्री, छक्की आणि अठ्ठी आली: बेरीज 17, शेवटचा आकडा 7. हा ‘ओपन’. काही तासांनी पुन्हा तीन पत्ते: दुर्री, चौकी, पंजी, बेरीज 11, शेवटचा आकडा 1. हा ‘क्लोज’. निकाल लिहिला जाई 368-71-245. यातल्या 7 वर किंवा 1 वर लावणे म्हणजे सिंगल, 71 वर लावणे म्हणजे जोडी आणि 368 वर लावणे म्हणजे पत्ती. खत्रींच्या खेळात ओपन रात्री नऊला आणि क्लोज मध्यरात्री निघे. हजर असलेल्यांपैकी कुणालाही पत्ते काढायला लावत, असे सांगितले जाते. परदेशी आकड्याची पत गेल्यावर अशी उघड सोडत ही तिची जागा घेणारी एकच गोष्ट होती. काही मिनिटांत तो आकडा टेलिफोनने राज्याबाहेर पोचलेला असे.

सिंगलला रुपयाला नऊ रुपये आणि जोडीला नव्वद, हा सर्वत्र चालणारा दर. या पत्त्यांच्या रीतीत शून्य ते नऊ या दहाही आकड्यांची शक्यता अगदी सारखी, दहात एक, पडते; जोडीची शंभरात एक. म्हणजे दोन्हीकडे रुपयामागे दहा पैसे धंदेवाल्याचे. फुटबॉलच्या भावाच्या हिशेबात मांडले तर बेरीज 111 होते, वरच्या उदाहरणातल्या 109 पासून फार लांब नाही. लूट पत्तीत होती. तीन वेगवेगळ्या पत्त्यांची ठरावीक पत्ती 40 पत्त्यांच्या जोडातून सुमारे 154 वेळांत एकदा येते आणि तिचा दर साधारण 140 पट. तो निदान जवळ आहे. पण 777 सारखी, तिन्ही पत्ते एकच असणारी पत्ती 2,470 वेळांत एकदा येते आणि तिला मिळत 600 पट. चाळीत ज्या विजयाच्या गोष्टी वर्षानुवर्षे सांगितल्या जात त्या बहुधा याच पत्तीच्या, आणि ज्याला गणिताची गरज सर्वांत जास्त त्यालाच ते कुणी सांगितले नाही.

दर ठरलेले असल्यामुळे मटकेवाल्याला रिंगमधल्या बुकमेकरसारखा भाव हलवता येत नसे. सगळ्यांनी सातावर लावले तरी साताचा दर नऊच. हा धोका साखळीत वाटला जाई. गिरणीच्या फाटकाजवळ, पानपट्टीच्या आडोशाला, खानावळीच्या जिन्याखाली बसणारा ‘रायटर’ चिठ्ठी लिहून देई आणि कमिशनवर राही. त्याच्या चिठ्ठ्या बुकीकडे जात. बुकी झेपेल तेवढे स्वतः ‘खाई’ आणि बाकीचे वरच्या, मोठ्या बुकीकडे ‘कटिंग’ करी. करी रोड, डिलाईल रोड, लालबाग, परळ हा या साखळीचा सर्वांत दाट भाग, कारण पाळ्या सुटण्याच्या वेळा ठरलेल्या, पगाराची तारीख ठरलेली आणि एकाच खोलीत राहणारी गाववाली मंडळी एकमेकांना आकडा सांगणारी. चार आणेही स्वीकारणारा दुसरा कुठला बाजार या माणसाला उघडा नव्हता. बँकेची पायरी तो चढत नसे. कर्ज पठाणाचे, भिशी गाववाल्यांची. स्वप्नात दिसलेल्या वस्तूवरून आकडा काढणे आणि जुन्या निकालांच्या तक्त्यात क्रम शोधणे हा फावल्या वेळचा अभ्यासच झाला होता.

त्याच्या घरचा हिशेब कुणी ठेवला नाही. रोज रुपया लावणाऱ्याचे महिन्याला सरासरी अडीच-तीन रुपयेच जातात, हे कागदावर खरे. पण हरलेला माणूस दुसऱ्या दिवशी दोन रुपये लावतो आणि पगाराच्या दिवशी वीस. फाटकाबाहेर रायटरच्या अलीकडे नवऱ्याला गाठण्यासाठी उभ्या राहणाऱ्या बायका हा या धंद्याच्या इतिहासाचाच भाग आहे.

सरकारने या पैशाकडे दोन नजरांनी पाहिले. 1887 च्या कायद्याच्या व्याख्येतूनच घोड्यांच्या शर्यतीवरची पैज वगळलेली आहे, अट इतकीच की ती 1912 च्या रेसकोर्स परवाना कायद्याखालच्या आवारात, शर्यतीच्या दिवशी लागली पाहिजे. 12 एप्रिल 1969 ला महाराष्ट्र राज्य लॉटरी निघाली. 1976 मध्ये कॅसिनोसाठीही कायदा मंजूर झाला; तो कधीच अमलात आला नाही आणि 2023 मध्ये रद्द झाला. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला. निकालातला युक्तिवाद नीट आहे. तरीही गिरणगावाच्या बाजूने पाहिले तर एक गोष्ट दिसतेच: महालक्ष्मीच्या कुंपणाच्या आत लावलेला रुपया कायदेशीर होता आणि करी रोडच्या पुलाखाली लावलेला रुपया 1887 च्या कायद्याच्या कलम 12 (अ) खाली अटकेला पात्र होता. दोन्हीकडे धंदेवाला आपला वाटा काढत असताना हा फरक पैसा लावणाऱ्याच्या अंगावरच्या कपड्यांवर पडला. शेजारच्या मध्य प्रदेशाने तर आपल्या जुगार कायद्यात ‘वरळी मटका’ हे नाव घालून त्याचे आकडे, चिन्हे आणि चित्रे छापण्यावर शिक्षा ठेवली, इतका मुंबईतल्या एका पेठेचा खेळ दूर गेला होता.

आणीबाणीत खत्री सुमारे 19 महिने तुरुंगात होते. 1975 च्या ‘धर्मात्मा’ या चित्रपटातील प्रेमनाथ यांची भूमिका त्यांच्यावर बेतलेली मानली जाते. खत्री तुरुंगातून बाहेर आल्यावर खेळ पुन्हा सुरू झाला आणि पसाराही वाढला, पण गिरणगावातला पाया लवकरच हलला. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगाराची तारीख संपली. खानावळी, भिशा, उधारीची दुकाने जशी एकेक करून बसली तसे फाटकाजवळचे रायटरही उठले. लिहायला गिऱ्हाईक उरले नाही. मटका मेला नाही, कारण तोवर तो नाशिक-नागपूरपासून गुजरातपर्यंत पोचला होता आणि ऐंशी-नव्वदच्या दशकांत त्याची उलाढाल सर्वांत मोठी होती. पोलिसांच्या कारवायांनी अड्डे शहराबाहेर ढकलले. खत्री नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला धंद्यातून बाहेर पडले आणि नंतर महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दिसत. 9 मे 2020 ला त्यांचे निधन झाले. भगत घराण्यातला वारशाचा वाद 2008 मध्ये कल्याणजींच्या मुलाच्या खुनापर्यंत गेला.

मुंबईच्या बुकींनी तोवर क्रिकेट धरले होते आणि त्यासाठी त्यांना रेसच्या रिंगमधली विद्या परत लागली, कारण इथे ठरलेला दर चालत नाही. ‘80-82’ असा भाव फोनवर येतो: फेव्हरिटवर ‘लगाई’ केली तर रुपयाला 80 पैसे मिळतात, ‘खाई’ केली तर रुपया मिळवण्यासाठी 82 पैसे जोखमीवर ठेवावे लागतात. मधले दोन पैसे बुकीचे. चेंडूगणिक भाव बदलतो आणि मोबाईल आल्यावर या वेगाला मर्यादा राहिली नाही. तीन पत्त्यांच्या सोडतीत नसलेला एक धोका त्याबरोबर आला, खेळाडूच फोडण्याचा. एप्रिल 2000 मधल्या हॅन्सी क्रोन्ये प्रकरणाने आणि 2013 च्या आयपीएल प्रकरणाने तो उघड्यावर आणला. 2016 मध्ये लोढा समितीने आणि 2018 मध्ये विधी आयोगाने आपल्या 276 व्या अहवालात खेळांवरची पैज नियमांखाली आणण्याचा मार्ग सुचवला.

तो मार्ग घेतला गेला नाही. युरोपातल्या फुटबॉल लीगवर भाव देणारी परदेशी संकेतस्थळे आणि फँटसी खेळांची ॲप्स यांनी मधल्या काळात तोच तरुण गाठला होता ज्याचे आजोबा फाटकाजवळ चिठ्ठी लिहून घेत. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या सर्व ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्यात कौशल्य आणि नशीब हा जुना फरकही ठेवलेला नाही. रस्त्यावर सापडणाऱ्या चिठ्ठीसाठी मात्र पोलीस ठाण्यात आजही 1887 चाच कायदा लागतो.