थाई कलागीत

थाई कलागीत म्हणजे पियानोच्या साथीने गायलेली थाई कविता, हे वर्णन अपुरे आहे. थाई भाषेत ५ सुरभेद असून त्यांवर अर्थ ठरतो : ‘खाओ’ उतरत्या सुरात म्हटले तर भात, चढत्या सुरात पांढरा, खालच्या सुरात बातमी. चाल शब्दाच्या उलट वळली की अर्थ बिघडलाच. परंपरागत गायक यासाठी ‘उअन’ योजतो. शब्द त्याच्या नेमक्या वळणाने उच्चारायचा आणि उरलेली चाल निरर्थक अक्षरांवर लांबवायची. (आपल्या शास्त्रीय गायनातल्या आकाराची आठवण होईल, पण इथे तयारी दाखवण्याचा हेतू गौण.) शिवाय जुन्या पद्धतीत गळ्याला बहुधा चिंग ही छोटी झांज व ढोल यांचीच साथ असते, सुरांची वाद्ये मागाहून उत्तर देतात. पियानो मात्र गळ्याबरोबरच चालतो, आणि त्याच्या सप्तकातल्या १२ पट्ट्या थाई सप्तकाच्या जवळजवळ समान अशा ७ भागांशी जुळत नाहीत. पाश्चात्त्य तालमीत कमावलेला गळ्याचा रुंद कंप तर उअनची बारीक वळणे पुसूनच टाकतो, असे आमचे मत. तेव्हा पियानोवर थाई वळणाची पाच स्वरांची धून ऐकू आली एवढ्यावरून दोन परंपरांचा मेळ साधला, असे वाचकांनी समजू नये. — संपादक